पेटींतलें स्मारक

संस्कृत शिकवीत असतांना ‘मूल्य’ हा शब्द आला, कीं मी वर्गाला नेहमीं एक प्रश्न विचारीत असें : या शब्दाचें मूळ कोणतें? मुलें गोंधळून जात. आणि उत्तर तर प्रश्नांतच दडलेलें असे. ‘मूल’ या शब्दावरूनच पाणिनीनें ‘मूल्य’ शब्द साधून दिला आहे. तेथें मूळ म्हणजे गुंतविलेलें भांडवल, हें खरें. पण मनुष्य एखाद्या जुन्या वस्तूची किंमत करूं लागतो तेव्हां तो कळत-नकळत तिचें मूळच शोधीत असतो, हें मला इतकीं वर्षें शिकवूनहि नीट उमगलें नव्हतें. तें उमगलें सातासमुद्रांपलीकडे, एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरांतील टेबलाशीं, एका रिव्हॉल्व्हरच्या पेटीपुढें.

या मासिकाच्या वाचकांस, विशेषतः भगिनीवर्गास, हा विषय परका वाटेल. परंतु घरांतील कर्ता मनुष्य एखादी वस्तु ‘पुढें मोठी किंमत येईल’ म्हणून जपून ठेवतो आणि त्याच्यामागें तिचें काय करावें हें कोणालाच ठाऊक नसतें, ही गोष्ट कोणत्या कुटुंबाला परकी आहे?

गेल्या वर्षीं मी कांहीं महिने माझ्या कन्येकडे अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत राहून आलों. तिच्या शेजारीं एक बाई एकट्याच राहत असत. वय ऐंशीच्या घरांत, दृष्टि अधू. यजमान वारून चार महिने लोटले होते. एके दिवशीं त्यांनीं कन्येकरवीं निरोप धाडला, कीं तुझे वडील शिक्षक होते म्हणतेस, तर मला थोडे कागद वाचून दाखवतील काय? मी गेलों. टेबलावर एक सुबक लांकडी पेटी उघडून ठेवली होती. तींत एक मोठें, निळसर-काळ्या झिलईचें रिव्हॉल्व्हर होतें. सोबत एक पदक आणि एक पुस्तक. यजमानांनीं हा सारा संच १९७७ सालीं घेतला होता. नातू लहान असल्यापासून ते त्या पेटीकडे बोट दाखवून त्याला म्हणत, “हें तुझें कॉलेज.” बाईंचा त्या शब्दांवर पूर्ण विश्वास होता, आणि नातू येत्या हंगामांत खरोखरच कॉलेजांत जावयाचा होता. शिवाय त्या राज्याच्या कायद्याप्रमाणें मृताच्या वारसानें ठराविक मुदतींत परवाना तरी घ्यावा लागतो, नाहीं तर हत्यार अधिकारी माणसाच्या स्वाधीन करावें लागतें. ती मुदत सरत आली होती.

मी कागद वाचून दाखविले. पण किंमत कांहीं त्यांत लिहिलेली नव्हती. हत्यारास हात लावण्याचा तर मला अधिकारच नव्हता. पाहुणा म्हणून त्या देशांत गेलेल्या परकीयास कायदा बंदूक बाळगूं देत नाहीं. याला अपवाद थोडेच आहेत. म्हणून जवळच्या गांवांतील एका परवानाधारक व्यापाऱ्यांना बोलाविलें. हे गृहस्थ वयानें माझ्याएवढेच, जुन्या शस्त्रांच्या देवघेवींत मुरलेले आणि बोलण्यांत सावकाश. त्यांनीं दोन तास बसून जें सांगितलें व दाखविलें, त्यांत मागाहून वाचनानें भर घालून मी तें येथें देत आहें.

आल्याबरोबर त्यांनीं पहिली गोष्ट केली ती ही, कीं नळीचें तोंड भिंतीकडे करून चक्र बाहेर काढलें आणि सहाहि घरें रिकामीं असल्याची खात्री करून घेतली. किंमत नंतर, जीव आधीं, हा त्या व्यवसायांतील पहिला पाठ.

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्राचें पिस्तूल. घोडा ओढला कीं चक्र एक घर पुढें सरकतें आणि नवी गोळी नळीसमोर येते. या युक्तीचें अमेरिकन पेटंट सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालीं मिळविलें. त्या काळीं प्रत्येक घरांत दारू व गोळी निरनिराळी, समोरून ठासावी लागे. धातूच्या टोपणांतील तयार काडतूस मागच्या बाजूनें भरावयाचें, तर चक्रांतील घरें आरपार कोरलेलीं हवींत. आणि त्या आरपार घरांचें पेटंट रॉलिन व्हाइट नांवाच्या मनुष्यानें १८५५ सालीं घेऊन ठेविलें होतें. होरेस स्मिथ आणि डॅनिएल वेसन या जोडीनें त्याच्याशीं करार केला आणि १८५७ पासून मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गांवीं काडतुसांचीं रिव्हॉल्व्हरें बनविण्यास आरंभ केला. व्हाइटच्या पेटंटाची मुदत १८६९ सालीं संपली, तेव्हां कोल्टच्या कारखान्यासहि तो मार्ग मोकळा झाला, आणि १८७३ सालीं त्याचें सुप्रसिद्ध ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हें रिव्हॉल्व्हर बाहेर पडलें.

स्मिथ आणि वेसन यांची पहिली भागीदारी १८५२ सालची. तिला १९७७ सालीं सव्वाशें वर्षें झालीं, म्हणून कारखान्यानें त्या वर्षीं एक स्मारक-रिव्हॉल्व्हर काढलें. बाईंच्या पेटींतलें हत्यार तें हेंच. त्याच्या ओळखीच्या खुणा अशा : नळी साडेसहा इंच, गोळी पंचेचाळीस कॅलिबरची, ‘कोल्ट’ जातीच्या काडतुसाची, नळीवर सव्वाशेंव्या वर्षाचा उल्लेख सोन्यानें भरलेल्या अक्षरांत, बाजूच्या पत्र्यावर सोनेरी मुद्रा, आणि क्रमांकाच्या आधीं ‘एस-डब्ल्यू’ हीं अक्षरें. चक्र बाहेर काढल्यावर सांगाड्याच्या खांचेंत मॉडेलचा आंकडा ठोकलेला दिसतो. तो येथें ‘२५-३’ असा होता. सोबतचें पुस्तक कारखान्याच्या सव्वाशें वर्षांचा इतिहास असून तें रॉय जिंक्स या इतिहासकारानें लिहिलेलें आहे. इतकें सर्व जुळलें. वस्तु अस्सल आहे, असा निर्वाळा मिळतांच बाईंची मुद्रा उजळली.

परंतु अस्सल म्हणजे दुर्मिळ नव्हे. हीं रिव्हॉल्व्हरें किती निघालीं, असें मीं विचारलें. “दहा हजारांच्या घरांत,” व्यापारी म्हणाले, “आणि घेणाऱ्या बहुतेकांनीं तीं पेटींतच जपून ठेविलीं.”

या एका वाक्यांत सगळें मर्म आहे. जुनी वस्तु दुर्मिळ होते ती कशामुळें? तिच्या बरोबरीच्या बहुतेक वस्तु वापरून झिजल्या, मोडल्या, हरवल्या म्हणून. जी वस्तु पहिल्या दिवसापासून सगळेच जपतात, ती दुर्मिळ होणार कशी? आपल्याकडे १९६४ सालीं पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या मुद्रेचा रुपया निघाला. स्वतंत्र भारताचें तें पहिलें स्मारक-नाणें. तो रुपया घरोघरीं डब्यांत जपून ठेविला गेला. आणि आज नाण्यांच्या बाजारांत नेऊन पाहिला तर साध्या प्रतीला कोणी फारसें कांहीं देत नाहीं. न्याय तोच.

अमेरिकेंतील शस्त्रांच्या कारखानदारांनीं तर स्मारकांचा पूरच आणला. १९६१ सालीं इलिनॉय राज्यांतील जेनेसिओ गांवाच्या सव्वाशेंव्या वाढदिवसानिमित्त कोल्टनें एक लहानसें पिस्तूल काढलें. त्याच्या प्रती अवघ्या १०४ होत्या. तीं हातोहात खपलीं. मग दर राज्याचा, दर लढाईचा, दर नामांकित शेरीफाचा स्मारक-संच निघूं लागला. १९७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशें वर्षें झालीं तेव्हां कोल्टनें तीन रिव्हॉल्व्हरांचे बरोबर १,७७६ संच काढले; आंकडा स्वातंत्र्याच्या सालाशीं जुळविलेला. दुसरीकडे विंचेस्टर कारखान्यानें १९६६ सालीं आपल्या शताब्दीची रायफल काढली, तिच्या प्रती एक लाखाहून अधिक झाल्या. १०४ कोठें आणि एक लाख कोठें! दोन्हींवर सोनेरी अक्षरें आहेत, दोन्हींस ‘स्मारक’ म्हणतात. पण बाजार दोहोंस एका मापानें मोजीत नाहीं. म्हणून पहिला प्रश्न नेहमीं हाच विचारावा, कीं एकूण प्रती किती.

दुसरा प्रश्न, तें स्मारक कोणाच्या हातचें? कारखान्यानें स्वतः काढलेलें, कीं बाहेरच्या एखाद्या मंडळीनें साधें हत्यार विकत घेऊन, त्यावर सोन्याचा मुलामा देऊन व नक्षी कोरून पेटींत घातलेलें? दुसऱ्या प्रकारचीं स्मारकें पुष्कळ निघालीं आहेत. दिसण्यांत तीं अधिकच झगमगतात; पण संग्राहकांच्या लेखीं त्यांचें स्थान बहुधा खालचें.

तिसरा प्रश्न वस्तूच्या स्थितीचा; आणि येथेंच आमच्या बाईंच्या आशेला पहिला धक्का बसला. स्मारक-रिव्हॉल्व्हर हें कधींहि न उडविलेलें तर हवेंच, पण संग्राहक त्याहूनहि सूक्ष्म पाहतात. चक्र फिरविलें कीं त्याला अडविणारी एक लहानशी कळ त्याच्या झिलईवर घासते आणि पुष्कळ वेळां फिरविल्यावर चक्राभोंवतीं एक फिकट वलय उमटतें. व्यापाऱ्यांनीं दिव्याखालीं धरून तें वलय दाखविलें. कधीं न फिरविलेल्या प्रतीवर तें नसतें. “गोळी झाडलेली नाहीं,” ते म्हणाले, “पण चक्र पुष्कळ फिरलें आहे.” बाईंनीं चाचपडत त्या जागेपर्यंत बोट नेलें आणि त्या हंसल्या. दर रविवारीं सकाळीं यजमान पेटी उघडीत, तेलाच्या फडक्यानें हत्यार पुशीत, आणि चक्र हळूच फिरवून त्याचा टकटक आवाज ऐकत बसत. चाळीस-पंचेचाळीस वर्षें हा क्रम चालला होता. ज्या हातांनीं तें जपलें, त्याच हातांनीं त्याचा भाव उतरविला होता.

यावर कोणी म्हणेल, कीं पुन्हां झिलई द्यावी म्हणजे झालें. तसें मुळींच करूं नये. सणाच्या आदल्या दिवशीं आपण तांब्याचीं भांडीं चिंचेनें लखलखीत करतों, तें योग्यच आहे. पण तोच चिंचेचा हात जुन्या शिवराईवर फिरविला, तर नाणेंसंग्राहक कपाळाला हात लावतो. कारण काळानें चढविलेला रंग हाच त्या नाण्याच्या वयाचा पुरावा असतो. शस्त्राचेंहि तसेंच. मूळची झिलई झिजलेली असली तरी चालते; नवी चढविली, कीं वस्तूचें अर्धें मोल गेलें असें समजावें. चामड्याच्या म्यानांत हत्यार वर्षानुवर्षें ठेवणें हीहि चूक. चामडें दमटपणा धरतें आणि गंज चढतो.

चौथी गोष्ट कागदांची व संचाच्या पूर्णतेची. पेटी, पदक, पुस्तक, माहितीपत्रक, इतकेंच नव्हे, तर ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून माल आला तें खोकेंसुद्धां किंमतींत धरतात. खोक्यावर क्रमांक असेल, तर तो हत्याराच्या क्रमांकाशीं जुळला पाहिजे. कारण एका संचाची पेटी दुसऱ्याला लावून विकणारेहि असतात. शिवाय कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांच्याहि जुन्या दफ्तरांवरून, अमुक क्रमांकाचें हत्यार कारखान्यांतून कधीं व कोणाकडे रवाना झालें, याचा दाखला शुल्क भरून मागवितां येतो. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांत सनदेला जें महत्त्व, तें तेथें या दाखल्याला. बाईंच्या घरीं खोकें नव्हतें. तें केव्हांच रद्दींत गेलें होतें.

आतां भाव. एकाच वस्तूला एकाच दिवशीं तीन भाव असतात, हें व्यापाऱ्यांनीं बाईंना समजावून सांगितलें. व्यापारी विकत घेईल तो एक; दुकानांत मांडून विकेल तो दुसरा; आणि लिलांवांत पुकारला जाईल तो तिसरा, ज्यांतून लिलांववाल्यांची दलाली वजा जाते. लोक बहुधा दुकानांतील मागणीची चिठ्ठी पाहून हुरळतात. मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. तशाच प्रती गेल्या वर्ष-दोन वर्षांत प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या, तें पाहावें. शिवाय पैशाची घसरण विसरूं नये. १९७७ सालीं अमेरिकेंत शंभर डॉलरांना जें मिळे, त्याला २०२४ सालीं पांचशेंहून अधिक डॉलर पडत. म्हणजे त्या सालीं घेतलेली वस्तु पांचपट भावानें विकली, तरी पदरांत नफा शून्य! त्याच १९७७ सालीं सोन्याचा भाव औंसाला सुमारें दीडशें डॉलर होता; २०२४ सालीं तो दोन हजारांच्या वर होता. स्मारक-हत्यारांपैकीं बहुतेकांना पैशाच्या घसरणीशींहि बरोबरी करतां आलेली नाहीं, सोन्याची गोष्ट तर दूरच.

व्यापाऱ्यांनीं जो आंकडा सांगितला, तो बाईंच्या मनांतील रकमेच्या दहाव्या हिश्श्याइतकाहि नव्हता. खोलींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग बाईंनीं विचारलें, “पण वर्तमानपत्रांत तर एका पिस्तुलाला लाखों डॉलर आल्याचें वाचलें होतें. तें खोटें का?”

तें खोटें नव्हे. न्यू मेक्सिकोंतील शेरीफ पॅट गॅरेट यानें ‘बिली द किड’ या दरोडेखोरास १४ जुलै १८८१ रोजीं ज्या रिव्हॉल्व्हरनें ठार केलें, तें २०२१ सालीं लॉस एंजेलिस येथें बोनहॅम्सच्या लिलांवांत साठ लाख डॉलरांहून अधिक किंमतीला गेलें. आणि तें होतें काय? वर सांगितलेलें कोल्टचें १८७३ चें साधें रिव्हॉल्व्हर. त्या जातीचीं लाखों निघालीं आहेत. गॅरेटनें तें बिलीच्याच एका साथीदाराकडून हस्तगत केलेलें होतें. सोन्याचें अक्षर त्यावर एकहि नाहीं. पण तें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें, याची सांखळी कागदोपत्रीं लावतां येत होती.

दुसरें उदाहरण कवींच्या जगांतलें आहे. १८७३ च्या जुलैंत फ्रेंच कवि व्हर्लेन यानें ब्रुसेल्स येथें एक स्वस्तसें रिव्हॉल्व्हर विकत घेतलें आणि त्याच दिवशीं भांडणाच्या भरांत आपला तरुण कविमित्र रँबो याच्या मनगटावर गोळी झाडली. व्हर्लेनला दोन वर्षांची कैद झाली. तें हत्यार २०१६ सालीं पॅरिसच्या लिलांवांत ४,३४,५०० युरोंना विकलें गेलें. आणि व्हॅन गॉग या चित्रकारानें ज्यानें आत्मघात केला असें मानतात, तें शेतांत सांपडलेलें, गंजून गेलेलें रिव्हॉल्व्हर २०१९ सालीं १,६२,५०० युरोंना गेलें. हें तेंच हत्यार, असें खात्रीपूर्वक कोणी सांगत नाहीं. केवळ संभवाला एवढें मोल आलें. पुरावा पक्का असता, तर कितीला गेलें असतें कोण जाणे!

तेव्हां भेद ध्यानांत आला. त्या तीन हत्यारांच्या वांट्याला स्मृति आली. कोणी ठरवून दिलेली नव्हे, आणि सुखाची तर नव्हेच. उलट पेटींतल्या हत्यारावर स्मृति कारखान्यांत कोरून पाठविली होती, एकाच दिवशीं, दहा हजार प्रतींवर. मूळ एकच असेल तर मूल्य कसें वेगळें येणार? व्यापाऱ्यांना मीं ही व्युत्पत्ति सांगितली, तेव्हां ते म्हणाले, “आमच्या धंद्याचें सगळें शास्त्र तुमच्या वैयाकरणानें एका शब्दांत सांगून टाकलें कीं!”

आपल्याकडील वाचकांसाठीं एक-दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. परदेशांत असलेल्या मुलाबाळांकडून असें हत्यार, मग तें ‘शोभेचें’ म्हणून कां असेना, परवान्यावांचून इकडे आणण्याच्या फंदांत पडूं नये. तो गुन्हा आहे. आजोबांच्या नांवाचें परवान्याचें हत्यार घरांत असेल, तर त्यांच्या पश्चात् तें कपाटांत तसेंच ठेवूं नये. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें तें विनाविलंब जवळच्या पोलिसठाण्यांत अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावें लागतें. मग वारसानें रीतसर परवान्यासाठीं अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारणतः एका व्यक्तीस दोनच बंदुका बाळगतां येतात, हेंहि लक्षांत असूं द्यावें. दुरुस्त करूनहि चालणार नाहीं अशा जुनाट हत्यारांस कायद्यांत सवलत आहे. पण आपलें हत्यार तसें आहे कीं नाहीं, हें आपल्या मनानें न ठरवितां पोलिसांना विचारून ठरवावें. आणि वस्तु कोणतीहि असो, ती कोणी, कधीं, कोणाकडून घेतली, हें कर्त्या माणसानें आपल्या हयातींतच चार ओळींत लिहून ठेवावें. मागें राहिलेल्यांस त्या चार ओळींचा पुष्कळ आधार होतो.

बाईंनीं अखेर तो संच लिलांवासाठीं व्यापाऱ्यांच्या स्वाधीन केला. नातवाला त्यांनीं दूरध्वनीवर माझ्यासमक्षच खरें तें सांगितलें, “कॉलेज कांहीं होत नाहीं त्यांत, बाळा. पण पहिल्या सहामाहीचीं पुस्तकें येतील.” पलीकडून तो काय बोलला तें मला ऐकूं आलें नाहीं, बाई मात्र पुष्कळ वेळ ऐकत होत्या.

व्यापाऱ्यांनीं पावती लिहून दिली. पेटी, हत्यार, पदक, पुस्तक, सगळ्याची नोंद केली. पेटीच्या कोपऱ्यांत घडी घातलेलें एक तेलकट फडकें होतें. संचांत तें मोडत नाहीं, म्हणून त्यांनीं तें काढून टेबलावर ठेविलें. बाईंनीं तें उचललें, नाकाशीं धरलें आणि आपल्या खिशांत ठेवून दिलें.